रायझन ५ ५६००एक्सचं ओव्हरक्लॉकिंग: वेग किती घ्यायचा आणि स्थैर्य कुठे सोडायचं नाही

सिनेबेंच ही सीपीयूचा वेग मोजणारी चाचणी दहा मिनिटं चालली, स्कोअर वाढला, तापमानही ठीक होतं. संध्याकाळी ब्राउझरमध्ये नुसतं वाचत बसलेलं असताना मात्र पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. ओव्हरक्लॉकिंगबद्दलचे, म्हणजे चिपला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याबद्दलचे, बहुतेक प्रश्न याच प्रकारचे असतात. त्यात चूक सहसा एखाद्या आकड्यात सापडत नाही, ती क्रमात सापडते. रॅम तपासायच्या आधी सीपीयूला हात लावलेला असतो, तीन सेटिंग एकदम बदललेल्या असतात, आणि चाचणी नेमकी अशी निवडलेली असते की जिच्यात बिघाड दिसणारच नाही.

हा लेख एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा सीपीयू धरून लिहिला आहे. सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट (गरजेनुसार स्वतःहून घेतलेला वरचा वेग) ४.६. रायझन ५००० मालिकेतल्या इतर बहुतेक चिपना हाच क्रम लागू पडतो. ५८००एक्स३डीला नाही, कारण त्या चिपवर एएमडीने ओव्हरक्लॉकिंग बंद ठेवलं आहे. मदरबोर्ड बी४५०, बी५५०, एक्स४७० किंवा एक्स५७० चिपसेटचा हवा. ए३२० आणि ए५२० वर अधिकृत ओव्हरक्लॉकिंग मिळत नाही.

टप्पा १: आधी तुमचं काम कुठे अडतं ते बघा

बायोस (पीसी सुरू होताना उघडणारा मदरबोर्डच्या सेटिंगचा भाग) उघडण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. तुम्हाला ज्या कामात वेग हवा आहे ते काम सुरू करा आणि दहा मिनिटं आलेख बघा.

१४४० पिक्सेलवर गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ९७-९९ टक्के भरलेलं दिसत असेल, तर सीपीयू आधीच त्याची वाट बघत बसलेला आहे. त्याला अजून वेगवान करून फ्रेम वाढणार नाहीत. व्हिडिओ एन्कोडिंग, ब्लेंडरचा सीपीयू रेंडर किंवा मोठ्या प्रोजेक्टचं कंपाइल यांत सगळे थ्रेड शंभर टक्क्यांना टेकतात. तिथे फायदा मिळतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. एकूण वापर जेमतेम ८-९ टक्के दिसतो आणि तरी प्रोग्राम रखडतो. बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण भरला की एकूण आकडा तेवढाच येतो. असं काम एकाच कोअरच्या वेगावर चालतं. तुमचं काम या प्रकारचं असेल तर सगळ्या कोअरना एकच स्थिर वेग देणारं जुन्या पद्धतीचं ओव्हरक्लॉकिंग तुमचं नुकसान करेल. ते कसं, ते टप्पा ४ मध्ये येईल.

इथे तपासा: रोजच्या कामातलं एक खरं काम निवडा आणि त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. शेवटचा निर्णय याच आकड्यावर घ्यायचा आहे, सिनेबेंचच्या नाही.

टप्पा २: तयारी

१. बॅकअप घ्या, आणि तो वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. अस्थिर सीपीयू फक्त बंद पडत नाही. तो चुकीची बेरीज करून तीच डिस्कवर लिहूनही ठेवू शकतो, आणि तेव्हा कुठलाही इशारा येत नाही.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा. नाहीतर पुढच्या बूटला विंडोज ती की मागेल आणि तेव्हा ती शोधायला दुसरं मशीन नसेल.

३. बायोस अपडेट करा. कर्व्ह ऑप्टिमायझर ही कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय ५००० मालिकेसाठी नंतरच्या बायोसमधून आली. बोर्डावर सुरुवातीचाच बायोस असेल तर तो पर्याय दिसणार नाही.

४. मदरबोर्डच्या पुस्तिकेत क्लिअर सीमॉसची (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणणारी) पिन कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर शोधत बसू नका.

५. कूलर साफ करा. पंख्यात धूळ अडकलेल्या मशीनवर घेतलेला एकही आकडा विश्वासार्ह नसतो. ५६००एक्सबरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर लावलेला असेल तर पॉवर मर्यादा वाढवायचा विचार सोडून द्या. त्या कूलरवर कर्व्ह ऑप्टिमायझर तेवढा वापरण्यासारखा आहे.

६. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम), सिनेबेंच आर२३, प्राइम९५ (सीपीयूवर भार टाकणारी चाचणी) आणि कोअरसायकलर उतरवून घ्या.

सावधान: पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, बूस्टच्या मर्यादा वाढवणारी सोय) चालू करणं म्हणजे एएमडीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं. त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. ऑफिसच्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर हे करू नका.

टप्पा ३: रॅम आधी, मग मूळ मोजणी

सर्वात जास्त चुका या टप्प्यावर होतात, कारण लोक तो गाळतात.

बायोसमध्ये ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट लोड करा आणि नंतर फक्त एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. ५६००एक्सला अधिकृत आधार डीडीआर४-३२०० पर्यंतचा आहे. ३६०० ची रॅम लावली की आतला इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे कोअर आणि रॅम यांना जोडणारा मार्ग, १८०० मेगाहर्ट्झवर पळू लागतो. बहुतेक चिप ते सहज झेपवतात, पण तुमची झेपवते की नाही हे तपासावं लागतं. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे रात्री लावून ठेवा. एकही एरर चालत नाही. एरर आली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा आणि परत चाचणी घ्या.

हे आधी का? कारण रॅममधली चूक आणि सीपीयूमधली चूक वरून सारखीच दिसते. तीच ब्लू स्क्रीन, तोच रीस्टार्ट. रॅम कच्ची ठेवून सीपीयूवर काम सुरू केलं तर आठवडाभर चुकीच्या कोअरचं व्होल्टेज वाढवत बसाल.

रॅम पास झाली की मूळ मोजणी घ्या. सिनेबेंच आर२३ मल्टीकोअर पाच वेळा चालवा आणि मधला आकडा धरा. ५६००एक्सवर तो साधारण अकरा हजारांच्या आसपास येतो. दोन धावांमध्ये एक टक्क्याचा फरक नेहमीच पडतो, त्यामुळे एका धावेवरून काहीही ठरवू नका. सिंगलकोअर स्कोअर, चिपचं कमाल तापमान, खोलीचं तापमान आणि टप्पा १ मधल्या कामाचा वेळ हे सगळं त्याच कागदावर लिहा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये इफेक्टिव्ह क्लॉकचा (कोअरला प्रत्यक्षात मिळालेल्या सरासरी वेगाचा) रकानाही बघा. तो पुढे फार उपयोगी पडणार आहे.

टप्पा ४: पॉवरची मर्यादा आणि कमाल बूस्ट

आधी काय करू नये ते. सगळ्या कोअरना ४.५ गिगाहर्ट्झ आणि एक ठरावीक व्होल्टेज देऊन मोकळं होणं हा मार्ग सोपा दिसतो. पण ही चिप एकट्या कोअरवर स्वतःहून ४.६ च्या वर, प्रत्यक्षात ४.६५ पर्यंत जाते. तुम्ही ४.५ ला खिळा मारलात की एका कोअरवरचं काम आधीपेक्षा हळू झालं, आणि चिप दिवसभर चढ्या व्होल्टेजवर बसून राहिली.

व्होल्टेजचा खर्च किती असतो तेही लक्षात घ्या. पॉवर वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४ टक्के जास्त वेगासाठी ८ टक्के जास्त व्होल्टेज द्यावं लागलं तर १.०४ गुणिले १.०८ चा वर्ग, म्हणजे सुमारे २१ टक्के जास्त पॉवर. चार टक्क्यांसाठी एकवीस टक्के उष्णता.

म्हणून पीबीओच्या वाटेने जायचं. बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड. नावं बोर्डागणिक थोडी बदलतात.

मूळ मर्यादा पीपीटी (एकूण पॉवर) ७६ वॉट, टीडीसी (सलग चालणारा विद्युतप्रवाह) ६० अँपिअर आणि ईडीसी (क्षणभराचा कमाल प्रवाह) ९० अँपिअर अशा आहेत. चांगला टॉवर कूलर असेल तर पीपीटी १०० ते ११०, टीडीसी ७५ आणि ईडीसी ११० पुरतं. ‘मदरबोर्ड’ हा पर्याय निवडू नका. त्यात बोर्ड स्वतःच्या ताकदीचा आकडा टाकतो, तुमच्या कूलरचा विचार करत नाही. स्केलर (चिपने चढ्या व्होल्टेजवर किती वेळ राहायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवर किंवा १एक्सवर राहू द्या. तो वाढवून मिळतं फार थोडं, आणि चिप चढ्या व्होल्टेजवर जास्त वेळ थांबते.

मॅक्स सीपीयू बूस्ट क्लॉक ओव्हरराइड इथे शून्य ते २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येतं. ते किती ठेवायचं हे आत्ताच ठरवा. बरेच जण आधी कर्व्ह ऑप्टिमायझर पक्का करतात आणि शेवटी वरून २०० मेगाहर्ट्झ टाकतात. पण कर्व्हची चाचणी ४.६५ वर झाली असेल तर ती ४.८५ वर लागू होत नाही. सगळी मेहनत परत करावी लागते. कामाच्या मशीनवर शून्य ठेवा असंच माझं मत आहे. निव्वळ गेमिंगचं मशीन असेल आणि कूलर चांगला असेल तर ५० किंवा १००.

इथे तपासा: कर्व्हला हात न लावता सिनेबेंच परत पाच वेळा चालवा. तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर पीपीटी कमी करा. चिपची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून ती तापमानानुसार बूस्ट खाली आणते.

टप्पा ५: कर्व्ह ऑप्टिमायझर

प्रत्येक कोअरला कारखान्यात एक तक्ता ठरवून दिलेला असतो: या वेगाला इतकं व्होल्टेज. कर्व्ह ऑप्टिमायझर तो तक्ता वर-खाली सरकवतो. एक काउंट म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे २० म्हणजे ६० ते १०० मिलिव्होल्ट कमी. व्होल्टेज कमी झालं की उष्णता आणि पॉवर वाचते, आणि त्या उरलेल्या जागेत चिप स्वतःहून जास्त वेग घेते.

१. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरच्या नावापुढे परफ असा क्रमांक दिसतो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे कोअर टिपून ठेवा.

२. बायोसमध्ये ‘पर कोअर’ निवडा. ‘ऑल कोअर’ निवडलं की सगळ्यांना सर्वात नाजूक कोअरच्या मर्यादेत राहावं लागतं.

३. त्या दोन उत्तम कोअरना उणे ५ द्या आणि बाकीच्यांना उणे १०.

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. उत्तम कोअर जास्त उणे सहन करेल असं वाटतं. पण उत्तम कोअरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, आणि एकट्याने सर्वात वरचा बूस्ट घ्यायचं कामही त्याच्याकडेच असतं. त्याच्याकडे सोडायला फारसं काही उरलेलं नसतं. कमजोर कोअर बऱ्याचदा उणे २५ पर्यंत जातात, उत्तम कोअर उणे ८ वर अडतात.

४. टप्पा ६ ची चाचणी पास झाली तरच प्रत्येकी ५ काउंट पुढे जा. सुरुवातीलाच सगळ्यांना उणे ३० देऊन ‘बूट झालं की’ म्हणू नका. बूट होणं ही चाचणी नाही.

टप्पा ६: चाचण्या, आणि त्यांचा क्रम

सगळ्या कोअरवर भार असतो तेव्हा प्रत्येक कोअर त्याच्या कमाल वेगाच्या खाली पळतो. उणे कर्व्हचा ताण तिथे पडत नाही. तो पडतो तेव्हा, जेव्हा मशीन जवळजवळ मोकळं असतं, एखादा कोअर जागा होतो आणि क्षणभर ४.६५ वर उडी घेतो. ब्राउझरचा टॅब उघडताना, स्लीपमधून उठताना. म्हणून तासभर प्राइम९५ सहन करणारं मशीन निवांत पडलेलं असताना रीस्टार्ट होतं.

चाचणीचा क्रम असा ठेवा:

१. कोअरसायकलर. ही स्क्रिप्ट प्राइम९५ चा भार एका वेळी एकाच कोअरवर टाकते. एसएसई मोड ठेवा, कारण त्यात भार हलका राहतो आणि कोअर पूर्ण वरच्या बूस्टला पोचतो. पहिल्या फेरीत कोअरमागे १५-२० मिनिटं पुरे. शेवटच्या पक्क्या सेटिंगवर मात्र रात्रभर चालू द्या.

२. पूर्ण भार. प्राइम९५ स्मॉल एफएफटी अर्धा तास. यात कूलर आणि पॉवर मर्यादेची परीक्षा होते.

३. मिश्र भार. प्राइम९५ ब्लेंड दोन-तीन तास. यात रॅम आणि सीपीयू दोन्ही ताणले जातात.

४. मोकळं मशीन. काही न करता रात्रभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी स्लीपमध्ये टाकून अनेकदा उठवा आणि पूर्ण बंद करून थंड बूट घ्या.

प्राइम९५ मध्ये ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ दिसली की चाचणी नापास. मशीन बंद पडलेलं नसतं, माऊस हलत असतो, सगळं ठीक वाटतं. पण कोअरने गणित चुकवलेलं आहे. हाच कोअर उद्या तुमची झिप फाइल बांधताना असंच चुकेल आणि ती उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) येईल.

इथे तपासा: सिनेबेंच परत चालवा आणि इफेक्टिव्ह क्लॉक बघा. नुसता क्लॉक ४.६ आणि पूर्ण भारात इफेक्टिव्ह क्लॉक त्याच्या बराच खाली असेल, किंवा वेग वाढलेला दिसूनही स्कोअर घटला असेल, तर व्होल्टेज अपुरं पडतंय. चिप क्लॉकचे ठोके गाळून स्वतःला सावरते आहे. याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. दोन पावलं मागे या.

टप्पा ७: रीस्टार्ट झाला, आता दोषी कोअर कसा ओळखायचा

विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसेल. तो बाजूला ठेवा. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो. शोधायचा आहे तो व्हीया-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची नोंद.

इव्हेंट १८ असेल, एरर टाइप ‘कॅश हायरार्की एरर’ असेल आणि खाली प्रोसेसर एपिक आयडी (थ्रेडचा क्रमांक) ६ लिहिलं असेल, तर त्या आकड्याला दोनने भागा. ५६००एक्सवर प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड असल्याने ६ आणि ७ दोन्ही म्हणजे कोअर ३. मोजणी शून्यापासून, बायोसमध्येही बहुतेक बोर्डांवर तशीच. त्या एकाच कोअरचे ३ ते ५ काउंट परत द्या, म्हणजे उणे १५ चे उणे ११ करा, आणि त्याची चाचणी पुन्हा घ्या. बाकीच्यांना हात लावू नका.

इव्हेंट १९ असेल आणि ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल, तर बोट फॅब्रिककडे वळतं. टप्पा ३ कडे जा.

काहीच नोंद नसेल, तर कोअरसायकलरचा लॉग बघा. कोणता कोअर कितव्या मिनिटाला पडला हे त्यात लिहिलेलं असतं.

सावधान: दोष भलत्याच ठिकाणी दिसू शकतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिपमध्ये हेच घडलं. गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याची एरर येई, लोक ग्राफिक्स कार्ड बदलून बघत, आणि बिघाड सीपीयूत असे. जास्त व्होल्टेजमुळे चिपची किमान व्होल्टेजची गरज हळूहळू वर सरकत होती. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. व्होल्टेजच्या बाबतीत मी सावध राहा म्हणतो ते यासाठी.

टप्पा ८: हिशेब

आता टप्पा १ मधलं काम परत घड्याळ लावून करा. समजा तुमचा रेंडर ६० मिनिटांचा होता आणि क्षमता ६ टक्क्यांनी वाढली. ६० भागिले १.०६, म्हणजे ५६.६ मिनिटं. दर रेंडरला ३.४ मिनिटं वाचली.

रेंडर मध्येच कोसळला तर सरासरी अर्धा, म्हणजे २८ मिनिटांचं काम जातं. वर मशीन उठवणं, प्रोजेक्ट उघडणं, पुन्हा सुरू करणं याला सहा मिनिटं धरा. एकूण ३४. दहा रेंडरमागे एकदा जरी मशीन पडलं तरी कमाई शून्यावर आली. वीस रेंडरमागे एकदा पडलं तर अर्धी गेली. आणि यात रात्रभर लावलेला रेंडर सकाळी अपूर्ण सापडण्याचा मनस्ताप धरलेलाच नाही.

कामाच्या मशीनला थोडंसं अस्थिर चालतच नाही ते या हिशेबामुळे. गेममध्ये महिन्यातून एकदा डेस्कटॉपवर फेकलं जाणं कुणी सहन करेल. हिशेबाच्या वह्या, प्रबंध, ग्राहकांचे फोटो ज्या मशीनवर आहेत तिथे ते चालू देऊ नका.

माझे नियम असे:

– स्वतःच्या कामात ३ टक्क्यांपेक्षा कमी फरक पडला तर पॉवर मर्यादा मूळ जागी आणा आणि कर्व्ह सौम्य ठेवा. तापमान आणि पंख्याचा आवाज कमी होतो, तोच फायदा.

– सगळ्या चाचण्या पास झालेल्या सेटिंगवरूनही प्रत्येक कोअरचे २-३ काउंट परत द्या. स्कोअरमध्ये हा फरक दिसत नाही.

– महिनाभरात एकदाही व्हीया-लॉगरची नोंद आली तर त्या कोअरला अजून ५ काउंट परत. ‘एकदाच तर झालं’ म्हणून सोडू नका.

टप्पा ९: नंतरची काळजी

जानेवारीत पुण्यात २२ अंशांच्या खोलीत पास झालेलं मशीन मे महिन्यात नागपूरच्या खोलीत तसंच वागेल असं धरू नका. खोली १५ अंशांनी तापली की त्याच भारात चिपही साधारण तेवढीच वर जाते. थंडीत ७८ वर थांबणारं मशीन उन्हाळ्यात ९३ ला पोचतं. एसी चालू असताना चाचणी घेतली असेल तर एसी बंद करून एकदा परत घ्या. उलट, गार खोलीत चिप जास्त बूस्ट घेते, त्यामुळे हलक्या भाराची चाचणी थंडीतही एकदा हवी.

बायोस अपडेट केला की सेव्ह केलेला प्रोफाइल बऱ्याचदा पुसला जातो. प्रत्येक कोअरचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. अपडेटनंतर तेच आकडे भरले तरी कोअरसायकलरची एक रात्र पुन्हा द्या, कारण नव्या बायोसमध्ये बूस्टचं वागणं बदललेलं असू शकतं. आणि मशीन विकताना किंवा घरात दुसऱ्या कुणाला देताना डिफॉल्ट लोड करून द्या. त्यांच्याकडे ना तो कागद असेल, ना रीस्टार्ट झाल्यावर कुठे बघायचं याची कल्पना.